डावी गाठ

डोळे मिटतात तेव्हा तोंडात गव्हल्यांच्या खिरीची चव अजून आहे. बाहेर भाद्रपदातलं बोथट ऊन आहे, खिडकीचा पडदा ओढलेला आहे. डाव्या हाताशी सहा महिन्यांची ईरा झोपली आहे. अंगावर कोरी, कडक साडी आहे, जांभळी, हिरव्या काठांची. तिची घडी आज माझ्या अंगावर मोडली, पण साडी माझी नाही. शुभदावहिनींची आहे. मी त्यांच्या वतीने नेसले आहे, त्यांच्या वतीने जेवले आहे, आणि आता बहुधा त्यांच्याच वाटणीची झोप येते आहे.

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा हा पितृपक्षातला दिवस. तिच्या जागी एक सवाष्ण पाटावर बसवतात. तिला जेवायला वाढतात, साडी देतात, ओटी भरतात. ती जेवली की गेलेली जेवली असं धरतात. शुभदावहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. त्या जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या नवमीला समोरच्या गोडबोलेकाकू बसल्या होत्या. यंदा त्यांना ताप भरला आणि आयत्या वेळी दुसरं कुणी मिळेना.

"घरचीच बसवतात का?" भाऊजींनी विचारलं. ते वहिनींचे यजमान. हल्ली ते प्रश्न विचारतात तेव्हा कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत.

"मग काय रस्त्यावरनं धरून आणू कुणाला?" सासूबाई म्हणाल्या. "ऋजुता बसेल. पटायचं दोघींचं."

म्हणून मी बसले. सासूबाईंनी माझे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, वाढलं. शेवटी त्या वाकल्या आणि त्यांनी मला नमस्कार केला. त्यांची बोटं माझ्या पावलांना लागली तेव्हा गार होती. वाकल्या वाकल्या त्या काहीतरी पुटपुटल्या. मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.

आज मी गोळी घेतलेली नाही. आजचा पहिला दिवस. माझा नवरा मकरंद परवा म्हणाला, "नवमीपासून सोडून बघू. आईला काळजी वाटते गं. तू अंगावर पाजतेस." मी हो म्हणाले. हल्ली नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणायला कमी ताकद लागते.

ईरा झाल्यावर मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, आणि मोजता न येणाऱ्या गोष्टींबद्दल बोलायची मला सवय नाही. मी सांगलीत मसाल्यांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथला वजनकाटा कधी कधी शून्यावर येत नाही. ताटली रिकामी असते, पुसलेली असते, तरी काटा काहीतरी वजन दाखवत राहतो. तसं काहीसं. बाळ रडतं आणि तो आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटतो. पाणी उकळायला ठेवते आणि उकळल्यावर कशाला ठेवलं होतं ते आठवत नाही. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की कठड्यापाशी जरुरीपेक्षा जास्त थांबते. हे शेवटचं मी डॉक्टरबाईंना सांगितलं. मकरंदला नाही. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्या गोळ्या चालू असताना पाजायला हरकत नाही. मी सांगेपर्यंत स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत."

सकाळी मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि पर्स दाराच्या खुंटीला अडकवली.

पंखा फिरतो आहे. स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येतो आहे. मग भांड्यांचा आवाज थांबतो आणि त्याच्या जागी दुसरा, अगदी बारीक आवाज सुरू होतो. बोटावर बोट घासल्याचा.

स्वयंपाकघरात शुभदावहिनी फरशीवर बसल्या आहेत. मांडीवर सूप आहे. उजव्या हातात कणकेची बारीक वळकटी, आणि डाव्या हाताची बोटं तिचे तुकडे तोडत, वळत, सुपात टाकत आहेत. गव्हले. तांदळाच्या दाण्याएवढे, सगळे सारखे. त्यांच्यासारखे गव्हले घरात कुणालाच येत नाहीत. त्या डावखुऱ्या. वाढताना उजवा हात वापरायचा हे सासूबाईंनी त्यांना पहिल्या वर्षातच शिकवलं होतं. बाकी सगळं डाव्याने.

"ये, बस," त्या म्हणतात. "कशी झाली होती गं खीर?"

"चांगली झाली होती. तुम्हाला आवडायची म्हणून आईंनी मुद्दाम केली."

"मला?" त्या हसतात, हात थांबत नाही. "मी सगळ्यांच्या मागनं बसायचे जेवायला. तेव्हा पातेल्यात तीच उरलेली असायची. त्यांनी रोज बघितलं, ही खीर खाते. झाली आवडती."

"मग तुम्हाला काय आवडायचं?"

त्या विचार करतात. खूप वेळ करतात. त्यांच्या भुवयांमध्ये ती उभी आठी येते.

"आठवत नाही बघ," त्या म्हणतात. "म्हणजे कुणी विचारलं असतं तर आठवलं असतं."

मी समोर बसते. फरशी गार आहे. मला त्या गेल्या आहेत हे माहीत आहे, आणि तसं म्हणून दाखवणं उद्धटपणाचं होईल असंही वाटतं.

"आई माझ्या पाया पडल्या तेव्हा काहीतरी म्हणाल्या," मी सांगते. "मला ऐकू नाही आलं."

"मला आलं ना. म्हणाल्या, चुकलं-माकलं असेल तर पोटात घाल." त्या माझ्याकडे बघतात. "तू काय घातलंस पोटात?"

"खीर."

मग आम्ही दोघी हसतो. पूर्वी हसायचो तशा, तोंडावर पदर धरून, बाहेर आवाज जाऊ न देता. मी किती महिन्यांत हसले नव्हते ते मला हसताना कळतं, कारण बरगड्या दुखतात.

सुपातले गव्हले पांढऱ्या ताटलीत पडतात. ताटलीवर काचेची पेटी आहे. काटा हलतो आहे, थांबत नाही. वहिनी माझ्या प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसल्या आहेत, पाय अधांतरी. चपला काढून बाजूला ठेवल्या आहेत, देवळात ठेवतात तशा.

"रोज डबा घेऊन निघायचीस," त्या म्हणतात. "मी म्हणायचे, ही जाते तिथे नेमकं करते काय? आकडे बघतेस होय?"

"आकडा थांबायची वाट बघते. थांबला की लिहून घेते."

"आणि नाही थांबला तर?"

"तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं. दुरुस्त करणाऱ्याला बोलवायचं."

"लगेच?"

"लगेच."

"माणसांचं असं नसतं बघ. माणसांची आधी दृष्ट काढून होते, मग उपास, मग माहेरी पाठवून बघतात." त्या पाय हलवतात. "माहेरचे सांगतात, तिथे आली की अगदी बरी असते हो. मग परत पाठवतात."

फळीवर नमुन्यांच्या बाटल्या आहेत. त्या उठून एक बाटली उघडतात आणि वास घेतात. मग दुसरी. ही गोष्ट मी त्यांना घरी एकदा सांगितली होती, स्वयंपाकघरातच. बाळंतिणीला जो शेपा खायला देतात, बाळंतशेपा, त्याचा वास आणि पुदिन्याचा वास ज्या रेणूमुळे येतो तो रेणू एकच आहे. तेच अणू, तेवढेच, त्याच क्रमाने जोडलेले. फक्त एक डाव्या हातासारखा, एक उजव्या. आरशातल्यासारखे. कितीही फिरवले तरी एकावर दुसरा बसत नाही. नाकाला ते कळतं. तेव्हा वहिनी हातातली वाटी तशीच धरून ऐकत राहिल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "म्हणजे हे अख्खं घर बाळंतशेपा, आणि मी एकटी पुदिना." त्यानंतर कितीतरी दिवस त्या चहात पुदिना टाकायच्या. भाऊजी कुरकुरायचे.

आता त्या दोन्ही बाटल्या माझ्या नाकाशी धरतात.

"सांग, कुठला कुठला."

मी हुंगते. कशालाच वास नाही.

"येत नाही," मी म्हणते.

"कधीपासनं?"

"ईरा झाल्यापासून."

"मला हळदीचाही यायचा नाही," त्या म्हणतात. "सांगलीत राहून." आणि बाटल्यांना बुचं लावतात, जपून, एकेक दाबून.

बुचं लावता लावता ऊन येतं. चैत्रातलं, पांढरं. गच्चीवर जुनी धोतरं अंथरली आहेत, त्यांवर कुरडया. त्यांच्या पलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा आहेत, आणि खुर्च्यांवर बायका बसल्या आहेत. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बसतात तशा, पर्स मांडीवर, नजर समोर. काहींच्या हाताला पीठ लागलं आहे. कुणी कुणाशी बोलत नाही. कंपाउंडर कठड्याशी उभा आहे. त्याच्या मागे काहीच नाही, शेजारच्या घरांची छपरं नाहीत, नदीकडची झाडं नाहीत, नुसता उजेड.

"थोरली!" तो हाक मारतो. कुणी उठत नाही.

"थोरली सून कोण आहे?"

वहिनी गुडघ्यांवर बसून कुरडया उलटत आहेत. "माझा नंबर तेव्हाही असाच लागला होता," त्या मला सांगतात. "वर्षाच्या कुरडया घातल्या होत्या. म्हटलं, एवढा घाणा वाळू दे, पुढच्या आठवड्यात जाऊ."

"वहिनी, त्या दिवशी चक्कर आली होती का तुम्हाला?"

हे मला केव्हापासून विचारायचं होतं. घरात सगळे तेच म्हणतात. कुरडया गोळा करायला गच्चीवर गेली, चक्कर आली, पडली. गोळ्यांनी चक्कर आली. सासूबाई आल्या-गेल्याला सांगतात, हात जोडून सांगतात, गोळ्यांनी नेली हो माझ्या सुनेला. म्हणून तर माझं पाकीट दिसलं की त्यांचं तोंड उतरतं. त्यांची भीती खोटी नाही. रात्री उठून माझ्या दाराशी येतात, श्वास ऐकतात.

आणि कधी वेगळ्याच दिवशी, वेगळ्याच बोलण्यात, वहिनींचं कौतुक करताना त्या असंही म्हणतात: किती शहाणी होती, मी एकदा सांगितलं, संक्रांतीपासून एक गोळी घेतली नाही तिने.

पौषात संक्रांत. चैत्रात कुरडया. दोन्ही वाक्यं या घरात सगळ्यांनी ऐकली आहेत. कुणी ती शेजारी शेजारी ठेवली नाहीत.

"तू शिकलेली ना?" वहिनी म्हणतात. मी मोठ्याने बोलले की नाही ते मला ठाऊक नाही. "जुळव बघू."

"जुळत नाहीत. जी गोळी घेतलीच नाही तिने चक्कर येत नाही."

"मग?"

"मग आई खोटं बोलतात."

"खोटं नाही गं." त्या एक कुरडई उचलून उजेडात धरतात. तिच्या जाळीतून त्यांच्या गालावर सावली पडते. "त्यांना अगदी तसंच वाटतं. दुसरं काही वाटून घेतलं तर त्यांना अन्न जायचं नाही. मला राग नाही त्यांचा. होता. तेवढा राग बाळगायला अंगात काहीतरी लागतं."

"पण मग तुम्ही—" मला शब्द सापडत नाही. "पडलात, की—"

त्या थांबतात. सगळ्या खुर्च्यांवरच्या बायका थांबतात. आधीही त्या हलत नव्हत्या, पण आता थांबतात.

"ते नाही सांगायची मी तुला."

"का?"

"तू तेवढंच घेऊन जाशील. बाकीचं सगळं इथे सांडशील. तुला ओळखत नाही का मी? एक आकडा मिळाला की तोच धरून बसतेस."

मी मान वळवते. कठड्याकडे बघते. कंपाउंडर आता तिथे नाही. त्याच्या जागी उजेड जास्त आहे, आणि तो उजेड थंड असावा असं वाटतं, माठाला गाल लावल्यावर लागतो तसा. मला फार झोप आली आहे. ईरा झाल्यापासूनची झोप.

"तिकडे बरं वाटतं का, वहिनी? झोप लागते?"

"तिकडे म्हणजे कुठे?" त्यांचा आवाज चढतो. जिवंतपणी त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. "अगं, माझ्या नावाने वाढलेलं ताट तू जेवलीस. माझी साडी तू नेसलीस. माझी ओटी तुझ्या पदरात. मला काय आहे सांग? पाटावर बसायलासुद्धा मला दुसरी बाई लागते. म्हणे बरं वाटतं!"

"रागावू नका."

"रागावते. पुढच्या नवमीला तुझ्या जागी कुणाला बसवतील, केलास विचार? त्या गोडबोलेकाकूंनी दोघींचं जेवायचं का? त्यांना आधीच वाताचा त्रास."

मला हसू येत नाही. मी रडते आहे असं मला वाटतं, पण गाल कोरडेच आहेत.

"धाकटी!" कुठूनतरी हाक येते. "धाकटी सून कोण आहे?"

"जा," वहिनी म्हणतात. "तुझा नंबर आहे."

"मी सोडल्यात आजपासून. मी हो म्हणाले मकरंदला."

"विसरलीस म्हण. सोडल्यात म्हणू नकोस, विसरलीस म्हण. विसरलेलं आठवता येतं." त्या जवळ येतात. त्यांच्या हाताला कणकेचा वास आहे. मला वास येतो आहे, हे माझ्या लक्षात येतं. "इकडे कर पदर."

दाराच्या खुंटीवरची पर्स गच्चीच्या दाराला आहे. त्या पाकीट काढतात. स्वयंपाकघरातली कात्री, एका कानाला लाल सुतळी गुंडाळलेली, डाव्या हातात उलटी धरतात. पाकिटाचं एक घर कापतात, गोळी आत तशीच, चांदीच्या कागदासकट. हे मी शंभरदा पाहिलेलं आहे. सकाळी त्या अशीच एक गोळी कापून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायच्या, दुपारी विसरू नये म्हणून. सासूबाई विचारायच्या, काय गं, गाठ कसली, काय विसरायचं नाहीये? त्या म्हणायच्या, दूधवाल्याला उद्या जास्त दूध सांगायचंय. दर दिवशी दूधवालाच. संक्रांतीनंतर पदराला गाठ दिसली नाही, आणि दुधाचं कुणी काही विचारलं नाही.

आता त्या माझ्या पदराचं टोक घेतात. गोळी ठेवतात. पिळतात, वळतात, ओढतात. त्यांची मान खाली आहे. भांगातलं कुंकू ताजं आहे, आणि त्याच्याशेजारी चार पांढरे केस आहेत, जे तेव्हा नव्हते.

"घट्ट मारू का?"

"मारा."

"मग सोडवताना नखं तुटतील हो."

"तुटू देत."

त्या दातांनी ओढून गाठ बसवतात. मग कान टवकारतात.

"दूध उतू जातंय," त्या म्हणतात. "ऊठ."

"थांबा ना जरा."

"ऊठ गं. तुझं दूध उतू जातंय."

ईरा रडते आहे. शेजारच्या घरात नाही, माझ्या कानाशी. पोलकं ओलं झालं आहे, साडीवर दुधाचा डाग पसरला आहे. मी तिला उचलते, पाजायला घेते. ती तोंड लावते आणि तिच्या नाकातून तो छोटा फुरफुरता आवाज येतो. पडद्याच्या फटीतून येणारं ऊन कपाटापर्यंत पोचलं आहे. पंखा फिरतो आहे.

थोड्या वेळाने मी मोकळ्या हाताने पदर सारखा करायला जाते, आणि बोटांना काहीतरी टोचतं.

पदराच्या टोकाला गाठ आहे. आत टणक काहीतरी, चांदीच्या कागदाचा कोपरा काठातून वर आला आहे.

ईरा पिऊन झोपेपर्यंत मी हलत नाही. मग तिला खाली ठेवते, उठते, पर्स उघडते. पाकिटाचं एक घर कापलेलं आहे. कापलेली कड सरळ आहे.

मी झोपेत उठले असेन. माणसं झोपेत उठतात, दारं उघडतात, स्वयंपाक करतात, आणि त्यांना काही आठवत नाही. एवढं जड जेवण, पहिल्यांदाच चुकलेली गोळी, दिवसभर त्यांचंच नाव. हात आपोआप करू शकतो. मी हे सगळं स्वतःला नीट सांगते, आणि ते मला पटतं.

तरी मी पदराचं दुसरं टोक घेते आणि एक साधी गाठ मारते. नेहमी मारते तशी, विचार न करता. मग दोन्ही गाठी तळहातावर शेजारी शेजारी ठेवते.

दोन्ही एकाच प्रकारच्या आहेत. तेवढेच वेढे, तेवढंच ओवणं. पण माझ्या गाठीत जे वरून जातं ते तिच्यात खालून गेलं आहे. मी ती उलटी करते, आडवी करते, पालथी घालते. बसत नाही. एक उजवी आहे, एक डावी. मी माझी सोडवते आणि समोर बघून डावी मारायचा प्रयत्न करते. बोटं अडखळतात. पुन्हा उजवीच होते. तिसऱ्या वेळी सोडून देते.

एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. हे मी नव्या मुलींना शिकवते. नमुना जपून ठेवायचा, त्यावर तारीख घालायची, दुसऱ्या कुणाला दाखवायचा. ही गाठ मला जपून ठेवता येईल. साडी घडी करून कपाटात ठेवायची, वरून डांबराची गोळी टाकायची. मकरंदला दाखवता येईल. कधीतरी ईराला.

पण गोळी आत आहे.

मी पलंगाच्या कडेवर बसते. खाली, गेटाशी कुणाचीतरी सायकल थांबते, जाते. मी गाठीकडे बघत राहते आणि मला ती सोडवावीशी वाटत नाही. दीड वर्षात त्यांच्या हातचं एवढंच आलं आहे. कुठेतरी ठेवलं तर राहील. सोडवली तर दुपारी झोपलेल्या एका बाईला पडलेलं स्वप्न, एवढंच उरेल.

मग मी नखं लावते. गाठ घट्ट बसली आहे. अंगठ्याचं नख मुडपतं. मी दात लावते, त्यांनी लावले होते त्याच जागी, आणि कापडाला कणकेचा वास आहे. किंवा खिरीचा असेल. वास येतो आहे, एवढं नक्की. गाठ एकदम सैल होते आणि गोळी मांडीवर पडते. मी कागद फोडते. उशाशी तांब्या आहे, वर फुलपात्र. गोळी तोंडात टाकते, पाणी पिते. कडवट चव जिभेच्या मागच्या भागात थोडा वेळ राहते.

दार लोटून सासूबाई येतात. हातात चहाचा कप, तोंडावर दिवसभराचा थकवा. त्या कप ठेवतात, ईराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतात. मग त्यांची नजर माझ्या पदरावर जाते. टोकाला कापड पिळवटलेलं आहे, चुण्या एका बाजूला वळलेल्या.

"हे काय? गाठ मारली होतीस?" त्या विचारतात. "काय विसरायचं नव्हतं?"

"गोळी," मी म्हणते.

त्यांचा हात पांघरुणावरच राहतो.

"वहिनींचीही गोळीच असायची, आई. दूधवाल्याचं काही नसायचं." माझा आवाज मला अनोळखी वाटतो, पण स्थिर आहे. "संक्रांतीनंतर गाठ नव्हती त्यांच्या पदराला. चैत्रातही नव्हती."

पंख्याचा आवाज. ईराचा श्वास. सासूबाई हळूच पलंगाच्या कडेवर बसतात, माझ्यापासून थोडं अंतर ठेवून. मला वाटतं त्या उठून जातील. त्या माझा पदर हातात घेतात, टोक मांडीवर पसरतात आणि तळव्याने चुण्या सारख्या करायला लागतात. एकदा, पुन्हा, पुन्हा. कापड कोरं आहे, खळीचं. चुण्या परत डावीकडे वळून उभ्या राहतात.

"जात नाहीत गं," त्या म्हणतात. हात तसाच फिरत राहतो. मग माझ्याकडे न बघता विचारतात, "घेतलीस का?"

"घेतली."

"चहा पी मग. गार होईल."

मी कप उचलते. चहात त्यांनी पुदिना टाकला आहे.